ऐंशी उलटल्यावर रक्तदाब किती असावा?

रायपूरच्या चौबे कॉलनीत, तात्यापाऱ्यात किंवा शंकरनगरात राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांत रात्री जेवणं आटोपली, की फोन वाजतो. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला, नातू अमेरिकेत. घरी उरलेली असतात ती ऐंशी-पंच्याऐंशीची आई आणि कधी कधी वडील. चौकशीचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज बी.पी. किती?" "एकशे अठ्ठावन्न," असे उत्तर गेले, की तिकडे काळजी सुरू होते. "डॉक्टरांना सांगून गोळी वाढवून घ्या," असा सल्ला येतो. शेजारच्या काकू मात्र दुसऱ्या दिवशी सांगतात, "अहो, या वयात एवढे असायचेच! शंभर अधिक वय. गोळ्या कशाला घेता?"

दोघेही आपुलकीनेच बोलत असतात. पण एकाचे ऐकून गोळी वाढवली आणि आजी रात्री न्हाणीघराकडे जाताना कोसळल्या, तर खुब्याचे हाड मोडू शकते. दुसऱ्याचे ऐकून गोळी सोडली आणि लकव्याचा झटका आला, तर उरलेले आयुष्य अंथरुणात जाऊ शकते. ऐंशीनंतरच्या रक्तदाबाचा सारा प्रश्न या दोन टोकांच्या मधला आहे.

'शंभर अधिक वय' हे आले कुठून?

आजच्या आजी-आजोबांच्या लहानपणी हा हिशेब घरोघर मानला जात होता आणि डॉक्टरही तो सांगत. वय साठ असेल तर वरचा आकडा १६०, ऐंशी असेल तर १८० चालेल, असा त्याचा अर्थ. त्यामागे एक समजूत होती. म्हातारपणी रक्तवाहिन्या अरुंद होतात, तेव्हा त्यांतून रक्त ढकलायला शरीराला जास्त दाबाची गरजच असते, तो कमी केला तर मेंदूला रक्त पुरणार नाही. दुसरे कारण अधिक साधे होते. रक्तदाब उतरवणारे चांगले औषधच त्या काळी हाती नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका होता. वय होते ६३. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखालाही विश्रांती, कमी मीठ आणि हृदयासाठीचे जुने औषध यापलीकडे डॉक्टर फारसे काही देऊ शकले नव्हते.

वयाबरोबर रक्तदाब वाढतो हे खरे. हृदयातून निघणारी महारोहिणी तरुणपणी लवचिक असते. हृदयाचा ठोका पडला की ती फुगते आणि धक्का पोटात घेते. उतारवयात तिच्या भिंती ताठ होतात, धक्का पचेनासा होतो आणि वरचा आकडा चढतो. दोन ठोक्यांच्या मध्ये मात्र दाब टिकवून धरण्याची तिची ताकद कमी झालेली असते, म्हणून खालचा आकडा साठीनंतर उतरू लागतो. त्यामुळे आजींचा रक्तदाब १७०/७० असा विचित्र दिसतो. "खालचा तर नॉर्मल आहे," म्हणून समाधान मानायचे कारण नाही. या वयात धोका सांगतो तो वरचा आकडाच.

पण सर्वसाधारणपणे आढळते, म्हणून ते निरोगी असतेच असे नाही. मोतीबिंदूही म्हातारपणी सर्रास आढळतो, म्हणून आपण तो तसाच ठेवत नाही. ब्राझीलच्या अरण्यात राहणाऱ्या, आहारात मीठ जवळजवळ नसलेल्या यानोमामी आदिवासींमध्ये वय वाढले तरी रक्तदाब फारसा वाढत नाही, असे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जागतिक पाहणीत दिसले. म्हणजे वाढता रक्तदाब हा वयाचा अटळ हिशेब नव्हे.

ऐंशीनंतर गोळ्यांचा उपयोग होतो का?

या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर मिळायला २००८ साल उजाडावे लागले. त्याआधी १९९१ साली अमेरिकेत साठीपुढच्या ४,७३६ जणांवर झालेल्या अभ्यासात, फक्त वरचा आकडा वाढलेल्यांना लघवी वाढवणारी साधी गोळी दिल्याने पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. पण ऐंशीपुढे काय, याबद्दल डॉक्टरांतच दोन तट होते. मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या पुढाकाराने युरोप, चीन, ऑस्ट्रेलिया आणि ट्युनिशियातील ऐंशी व त्याहून अधिक वयाच्या ३,८४५ जणांचा 'हायवेट' नावाचा अभ्यास झाला. या सर्वांचा वरचा आकडा १६० किंवा त्याहून जास्त होता. निम्म्यांना इंडापामाइड आणि गरज पडल्यास पेरिंडोप्रिल ही औषधे दिली, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. लक्ष्य होते १५०/८०.

सरासरी दोन वर्षेही झाली नाहीत, तोच फरक इतका स्पष्ट झाला की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू ३९ टक्क्यांनी कमी होते. हृदयाची ताकद खचून पायांवर सूज आणि दम लागणे, म्हणजे हार्ट फेल्युअर, हे तर ६४ टक्क्यांनी कमी झाले. "आता एवढ्या वयात औषधाचा काय उपयोग?" या प्रश्नाला हे उत्तर आहे. उपयोग होतो, आणि तो दहा वर्षांनी नव्हे, वर्षा-दोन वर्षांत दिसतो.

मात्र या अभ्यासात कोणाला घेतले नव्हते, हेही वाचले पाहिजे. स्मृतिभ्रंश झालेले, सतत शुश्रूषा लागणारे, आणि उभे राहिल्यावर वरचा आकडा १४०च्या खाली जाणारे, असे वृद्ध त्यात नव्हते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'स्प्रिंट' अभ्यासातही पंचाहत्तरीपुढच्या २,६३६ जणांत वरचा आकडा १२०च्या आसपास ठेवल्याने हृदयविकार आणि मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. पण त्यात मधुमेही नव्हते, पक्षाघात होऊन गेलेले नव्हते आणि वृद्धाश्रमात राहणारे नव्हते. शिवाय तिथला रक्तदाब शांत खोलीत यंत्राने आपोआप मोजला होता. असा मोजलेला आकडा गर्दीच्या दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा कमीच येतो.

तेव्हा परदेशातला १२०चा आकडा वाचून आपल्या आईचा रक्तदाब तिथपर्यंत ओढत नेण्याचा हट्ट मुलांनी धरू नये.

आकडा माणूस पाहून ठरतो

युरोपातील तज्ज्ञांनी २०२३ साली दिलेली दिशा साधारण अशी आहे : ऐंशीपुढे वरचा आकडा १६० किंवा अधिक असेल तर उपचार सुरू करावेत, तो आधी १४० ते १५०च्या दरम्यान आणावा, प्रकृतीला मानवले तर १३० ते १३९पर्यंत न्यावा.

'मानवले तर' हे शब्द महत्त्वाचे. पंच्याऐंशीचे एक आजोबा रोज सकाळी बुढा तलावाला फेरी मारतात, बँकेचे व्यवहार स्वतः पाहतात, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात पायऱ्या चढून जातात. त्याच वयाचे दुसरे आजोबा खुर्चीतून उठायला आधार घेतात, वर्षभरात दोनदा पडलेत, वजन उतरले आहे, आठ गोळ्या घेतात. दोघांचा रक्तदाब १५६ असला तरी उपचार एक असू शकत नाही. पहिल्यांच्या बाबतीत १४०च्या खाली जाण्याचा प्रयत्न करणे योग्य. दुसऱ्यांच्या बाबतीत आहे त्यावर थांबणे, किंवा एखादी गोळी कमी करणेही शहाणपणाचे ठरेल. जन्मतारखेपेक्षा चाल, तोल, वजन आणि स्मरण या चार गोष्टी डॉक्टरांना अधिक सांगतात. घरच्यांनी त्या न विचारताही सांगाव्यात.

उभे राहून मोजलेला आकडा

ऐंशीनंतरची सर्वांत उपयोगी तपासणी फुकट आहे आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. ती म्हणजे उभ्याने रक्तदाब मोजणे. आपण उठतो तेव्हा अर्धा लिटर किंवा अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. तरुण शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळून ते सावरते. म्हातारपणी ही यंत्रणा मंदावते, मधुमेहात आणि कंपवातात अधिकच. मग उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते.

पद्धत सोपी आहे. पाच मिनिटे बसवून किंवा निजवून एकदा मोजावे. मग उभे करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजावे. शेजारी कोणीतरी धरायला हवे. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा जास्त घसरला, तर ते डॉक्टरांना सांगावे. बसून १६० आणि उभ्याने १२० असलेल्या आजींना आणखी एक गोळी देणे म्हणजे पडण्याची तयारी करणे. काहींचा रक्तदाब पोटभर जेवणानंतर तास-दोन तासांत उतरतो. दुपारी जेवून उठताना चक्कर येत असेल तर जेवण थोडे थोडे, चार वेळा द्यावे आणि जेवल्यावर लगेच चालायला लावू नये.

घरी मोजताना

यंत्र दंडावर पट्टा बांधायचे असावे, मनगटाचे नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. सैल कातडीच्या बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर आकडा खोटा कमी येतो, जाड दंडाला लहान लावला तर खोटा जास्त. आधी लघवी करून यावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, गुडाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. हात हृदयाच्या पातळीला टेबलावर असावा. मोजताना बोलू नये आणि बोलवू नये. फोनवर मुलाशी बोलता बोलता घेतलेला आकडा धरायचाच नाही.

पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजावे. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच पुढे धरावा. डॉक्टरांना भेटण्याआधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी दोनदा मोजून वहीत लिहावे, पहिल्या दिवसाचे सोडून सरासरी काढावी. दवाखान्यात अनेकांचा रक्तदाब भीतीने चढतो, घरी तो कमी असतो. दवाखान्यातले १४० म्हणजे घरचे साधारण १३५. ज्यांची नाडी अनियमित पडते त्यांच्या बाबतीत यंत्र चुकू शकते. अशांनी तीनदा मोजावे आणि नाडीबद्दल डॉक्टरांना सांगावे. एरवी रोज दहादा पट्टा बांधून आजींना घाबरवू नये. चिंतेनेही आकडा चढतोच.

गोळ्या : कमीपासून आणि सावकाश

या वयात एकच औषध, निम्म्या मात्रेने सुरू करून, काही आठवड्यांनी पाहून मग पुढे जायचे, ही सर्वमान्य रीत. प्रत्येक औषधाची खोड घरच्यांना ठाऊक असावी. अॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते. ती किडनीचा आजार समजून लघवीची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. एनालाप्रिल, रामिप्रिल यांनी कोरडा खोकला लागतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांनी तो सहसा लागत नाही, पण या सर्वांसोबत किडनी आणि पोटॅशियमची तपासणी हवी. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांनी नाडी मंदावते. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यांसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी रक्तातले सोडियम उतरू शकते. आजी एकाएकी सुस्तावल्या, असंबद्ध बोलू लागल्या, तर "वय झाले" म्हणून सोडून न देता सोडियम तपासून घ्यावे.

गोळी सकाळी की रात्री, यावर बरेच वाद झाले. ब्रिटनमध्ये २१,१०४ जणांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हींत फरक आढळला नाही. तेव्हा जी वेळ विसरली जाणार नाही ती खरी. लघवीची गोळी मात्र सकाळीच, म्हणजे रात्री उठावे लागत नाही.

रक्तदाब अचानक वाढला तर आधी इतर औषधांची पिशवी तपासावी. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधे रक्तदाब चढवतात. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही चढवतात. खोकल्यासाठी रोज चघळलेले ज्येष्ठमध शरीरात मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम घटवते. उलट, प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या उभ्याने दाब पाडतात आणि काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनी नाडी मंदावू शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठ्या नव्हे, औषधांची सगळी पिशवीच न्यावी.

गोळी कमी करणे हाही उपचाराचाच भाग आहे. इंग्लंडमध्ये ऐंशीपुढच्या, दोन किंवा अधिक गोळ्या घेणाऱ्या ५६९ जणांच्या २०२० सालच्या अभ्यासात, निम्म्यांची एक गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढली. बारा आठवड्यांनंतर त्यांतल्या ८६.४ टक्क्यांचा वरचा आकडा १५०च्या खालीच राहिला. गोळ्या न काढलेल्यांत हे प्रमाण ८७.७ टक्के होते. पण हे डॉक्टरांनी करायचे. क्लोनिडीन किंवा अॅटेनोलॉलसारखी गोळी आपल्या मनाने एकदम तोडली तर रक्तदाब किंवा हृदयाचे ठोके उसळू शकतात.

छत्तीसगडच्या जंगलातली सर्पगंधा

रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात या भागाच्या जंगलात उगवणाऱ्या एका झुडपाला मोठे स्थान आहे. ते म्हणजे सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांवर तपासून १९४९ साली ब्रिटनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष वेधले. तिच्यापासून निघालेले रेसर्पिन हे पुढे काही काळ जगभर वापरले गेले. या कामासाठी डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. मात्र रेसर्पिनने मन खचते, सुस्ती येते, विशेषतः वृद्धांत. म्हणून ते मागे पडले. आठवडी बाजारातून आणलेले सर्पगंधेचे चूर्ण "जडीबुटी आहे, अपाय कसला?" म्हणून गोळ्यांच्या जोडीने देऊ नये. ते औषधच आहे आणि त्याची मात्रा पुडीवर लिहिलेली नसते.

नवतपा आणि रक्तदाब

रायपूरचा उन्हाळा हा या रुग्णांच्या बाबतीत वेगळाच अध्याय आहे. मे महिन्याअखेरच्या नवतप्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, घामाने पाणी व मीठ जाते, रक्तदाब आपोआप उतरतो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, त्यात रात्री उठावे लागेल म्हणून आजी मुद्दाम पाणी टाळतात आणि लघवीची गोळी मात्र चालूच राहते. मग उठताना चक्कर, ग्लानी, कधी किडनीवर ताण. म्हणून एप्रिलमध्ये एकदा डॉक्टरांना भेटून "उन्हाळ्यात मात्रा कमी करायची का?" हे विचारावे. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल तेव्हा कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे आधीच लिहून घ्यावे. पाणी दिवसा, थोडे थोडे, ठरवून द्यावे. हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल त्यांनी तो आकडाही विचारावा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलट होते, रक्तदाब चढतो. तेव्हा मोजणी पुन्हा करावी.

मीठ, पण जेवण तुटू नये

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहूनही थोडे कमी मीठ सांगितले आहे. जगाची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे. आपल्याकडे मीठ भाजी-आमटीपेक्षा ताटाच्या डाव्या बाजूने जास्त येते. लोणचे, पापड, कुरडया, सांडगी मिरची, मिठाचे ताक. रायपूरच्या शेजाराने त्यात बिजौरीची भर घातली आहे. २०२२ सालच्या कामगार दिनापासून सरकारी पातळीवरही गौरवले गेलेले बोरे बासी उन्हाळ्यात थंडावा देते, पण वरून मीठ आणि सोबत लोणचे घेतले तर हिशेब चुकतो. कांदा आणि लिंबू घेऊन खावे.

तरीही पंच्याऐंशीच्या आजींचे जेवण अगदी अळणी करून त्यांची भूकच मारणे योग्य नाही. वजन उतरणे आणि स्नायू झिजणे हे या वयात रक्तदाबाइतकेच वाईट. ताटातले लोणचे नखभर ठेवावे, पापड सणाला. दुकानात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. चीनमधील सुमारे २१,००० जणांच्या २०२१ सालच्या अभ्यासात त्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. पण किडनीचा आजार असलेल्यांना किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन घेणाऱ्यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

घाई केव्हा करावी, केव्हा करू नये

आकडा १९०-२०० दिसला पण माणूस ठीक आहे, तर अर्धा तास शांत बसवून पुन्हा मोजावे, गोळी चुकली का ते पाहावे आणि डॉक्टरांना फोन करावा. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची जुनी सवय सोडावी. त्याने दाब धाडकन कोसळून लकवा किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, असा स्पष्ट इशारा १९९६ सालीच वैद्यकीय नियतकालिकात देण्यात आला होता.

तोंड वाकडे होणे, एका हाता-पायातली ताकद जाणे, बोबडी वळणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर आकडा काहीही असो, लगेच १०८ला फोन करावा. लकव्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही सिटी स्कॅन झाल्यावर. आपल्या घरापासून रात्रीही स्कॅनची सोय असलेले रुग्णालय कोणते, हे आजच पाहून ठेवावे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेत रुग्णालयातील उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. ते कार्ड आधीच काढून फाइलमध्ये ठेवावे. रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात.

बाहेरगावच्या मुलांनी फोनवर आकडा विचारावा, जरूर विचारावा. पण त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. उठताना चक्कर आली का? या महिन्यात कधी तोल गेला का? जेवण नीट जाते का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील आणि वरचा आकडा १५०च्या आत असेल, तर ऐंशीपुढच्या बहुतेक आई-वडिलांचा रक्तदाब ताब्यात आहे असे समजायला हरकत नाही. त्याहून खाली न्यायचा की नाही, हे पुढच्या भेटीत, वही आणि औषधांची पिशवी समोर ठेवून, आजींना विचारूनच डॉक्टरांनी ठरवावे.